चाळीस फुटांवर जळालेली मोटर

सुग्रीवनं खिशातून प्लॅस्टिकची पुडी काढली आणि केशरबाईंच्या टेबलावर उपडी केली. आतून काडेपेटीएवढा काळा डबा घरंगळला. एका बाजूनं तो वितळून फुगला होता. खोलीत जळका वास पसरला.

"ही जळाली," तो म्हणाला. "आणि हिच्यासंगं मी."

धारूरच्या बसस्टँडसमोर, मोबाइलच्या दुकानावर, केशरबाई डोईफोडे यांची दहा बाय बाराची खोली होती. अठ्ठावीस वर्षं पोलिसात काढून त्या हवालदार म्हणून निवृत्त झाल्या होत्या. आता खासगी चौकश्या करत. सोयरिकीआधीची माहिती, विहिरीतून उचललेले पंप, घर सोडून गेलेली माणसं. खोलीतले दुसरे गृहस्थ अर्जुनराव. एसटीत एकतीस वर्षं कंडक्टर होते, म्हणून केशरबाई त्यांना 'मास्तर' म्हणत. त्यांच्याकडे एक जुनी व्हॅन होती, रिकामा वेळ होता आणि प्रत्येक प्रकरणात पहिल्या दहा मिनिटांत गुन्हेगार ठरवायची सवय होती.

"बस," केशरबाई म्हणाल्या. "पाणी पी. मग सांग."

सुग्रीव एकोणतीस वर्षांचा होता. दिंद्रुडच्या पलीकडं हिवरटाकळी, तिथल्या उपसा जलसिंचन सहकारी संस्थेचा तो पंपचालक. त्याआधी सहा वर्षं पुण्यात कंपनीत होता. तिथं त्याला रिमोटवर चालणाऱ्या गाड्यांचा नाद लागला. रविवारी शर्यती, बाकीचे दिवस दुरुस्त्या.

"औंदा धरणात गाळच उरलाय," तो म्हणाला. "शेतीचं पाणी बंद. संस्थेच्या पाइपातनं फक्त प्यायचं पाणी गावाला येतं. पंप जेवढं उचलतो, त्यातलं निम्मंच टाकीत पडतं. खालच्या वस्तीला तर थेंब न्हाई. तीन नंबरच्या चेंबरपर्यंत दाब बरोबर असतो, पुढं पडतो. म्हणजे तिथून पुढं कोणीतरी पाइप फोडलाय."

"तीन नंबरच्या पुढं कोणाकोणाची रानं?"

"आधी आमचं पडीक. मग अध्यक्षांची मोसंबीची बाग. मग बाकीचे, टाकीपर्यंत."

अर्जुनरावांनी मान डोलावली. त्यांचा गुन्हेगार ठरला होता.

सुग्रीवनं हातभर लांबीची गाडी बनवली होती. पुढं दिवा, वर कॅमेरा. सिमेंटच्या मोठ्या पाइपातून ती पुढं जाणार आणि आतली भोकं मोबाइलवर दिसणार. गेल्या रविवारी मांडव घातला, सगळे सभासद जमले. पंप बंद ठेवला, गाडी तीन नंबरच्या चेंबरातून पाइपात शिरली आणि चाळीस फुटांवर धूर निघाला. चाकं वळेनात, गाडी पाइपाच्या भिंतीवर चढली आणि उलटी झाली. लोक पोट धरून हसले.

"हसले त्याचं काही न्हाई. आता म्हणतात, मीच चोराला सामील आहे, मुद्दाम जळकी मोटर घातली. येत्या गुरुवारी खास सभा आहे. मला पंपावरून काढायचा ठराव येतोय, चोर म्हणून. गावात तोंड कसं दाखवू?"

केशरबाईंनी तो काळा डबा उचलला. "हे काय करतं?"

"सर्वो मोटर. पुढची चाकं डावी-उजवीकडं वळवते. गोल पाइपात गाडी सारखी भिंतीवर चढू बघते, सारखं वळवावं लागतं. ही गेली की गाडी गेली."

"मग तापणारच की बे!" अर्जुनराव म्हणाले. "मे महिना, त्यात बंद पाइप."

"न्हाई काका." सुग्रीवचा आवाज पहिल्यांदा ठाम झाला. "हिला तापू न देणं हेच या छंदातलं निम्मं काम. चाकं जिथवर वळतात त्याच्या जरा अलीकडंच मी हिची हद्द बांधतो, म्हणजे ती कशावर रेटत बसत न्हाई. व्होल्टेज मोजून देतो. वर ॲल्युमिनियमची पट्टी बसवलीय, उष्णता ओढून घ्यायला. आणि दर दहा मिनिटांनी बोट टेकवतो. दहा आकडे मोजेस्तोवर बोट राहिलं तर ठीक, न्हाईतर गाडी थांबवायची. त्या दिवशी सकाळी अर्धा तास पळवली. बोट आरामात राहिलं."

"मग पाइपात शिरेपर्यंत गाडी कुठं होती?"

"मांडवात, पाटावर. आईनं पूजा केली. मग अध्यक्षांचं भाषण, सत्कार, पाऊण तास. मी चेंबरात उतरून गाळ काढत होतो."

"बंद होती?"

"न्हाई. अध्यक्ष म्हणाले, दिवा चालू राहू दे, लोकांना दिसू दे. म्हणून चालू होती. पण नुसती उभी राहिली तर तापत न्हाई ती."

"रिमोट?"

"स्टेजवर ठेवलेला."

केशरबाईंनी डबा पुन्हा पुडीत घातला. "उद्या येतो."

*

पहिली भेट दिंद्रुडच्या बाजारात, शहादेवच्या मोबाइलच्या दुकानात झाली. मोटर त्यानंच मागवून दिली होती, आणि कार्यक्रमाचे फोटोही त्यानंच काढले होते.

"माल खोटा होता का?" केशरबाईंनी थेट विचारलं.

"बाई, खोटा माल मी गिऱ्हाइकाला देतो, दोस्ताला न्हाई," शहादेव हसला. मग त्यांचा चेहरा पाहून गंभीर झाला. "तसलीच दुसरी हाय. बघा."

त्यानं नवी मोटर बॅटरीला जोडली. मोटरीचा दांडा डावीकडं गेला, उजवीकडं गेला, थांबला. "सांगितलेल्या जागी पोचली की गप बसती. आता बघा." त्यानं दांडा पकडीत धरला आणि वळायचा हुकूम दिला. दांडा हलेना. मोटर बारीक आवाजात गुणगुणू लागली. "आता जागा सापडंना, म्हणून रेटायली. फिरण्यानं ही जळत न्हाई, अडण्यानं जळती."

अर्जुनराव घड्याळ धरून उभे होते. तिसऱ्या मिनिटाला केशरबाईंनी बोट टेकवलं आणि चटकन काढलं.

"सोड. माल वाया जाईल. फोटो दाखव."

फोटो चाळीस-पंचेचाळीस होते. केशरबाईंनी दोन बाजूला काढले. पहिला पूजेनंतरचा. पाटावर गाडी, दोन्ही पुढची चाकं लाल नाड्यानं एकत्र आवळलेली, झेंडूचा हार. ॲल्युमिनियमच्या पट्टीवर मेण लावून त्यावर कुंकवाचा गोल टिळा, मागच्या बॅटरीच्या झाकणावर तसाच दुसरा.

दुसरा फोटो पाऊण तासानंतरचा. अध्यक्ष भगवानराव फीत कापावी तसा कात्रीनं नाडा कापत होते. मागचा टिळा गोल होता. पुढच्याचा ओघळ पट्टीवरून खाली आला होता.

"आणखी एक," केशरबाई म्हणाल्या. "भाषणाच्या वेळचा. स्टेज पूर्ण दिसेल असा."

तो अर्जुनरावांनीही पाहिला. मधे माइकपाशी भगवानराव. टेबलावर पाण्याच्या बाटल्या, नारळ, शालींचा ढीग. सत्कार झालेले चौघं खुर्च्यांवर. तिघांनी शाली काढून मांडीवर घेतल्या होत्या आणि टाळ्या वाजवत होते. चौथ्यानं शाल गळ्यापासून गुडघ्यापर्यंत लपेटून घेतली होती.

"हा कोण?"

"हरिबा. सुग्रीवचा बाप. पोराचा बाप म्हणून सत्कार केला."

"आणि गाडीच्या सगळ्यात जवळ तर अध्यक्ष उभे आहेत," अर्जुनराव केशरबाईंच्या कानाशी म्हणाले. "दिवा चालू ठेवा कोण म्हणालं? तेच. नाडा कोणी कापला? त्यांनीच."

"बरोबर आहे, मास्तर," केशरबाई म्हणाल्या. त्या असं म्हणाल्या की काहीतरी चुकलंय हे अर्जुनरावांना कळत असे. काय, ते कळत नसे.

*

हिवरटाकळीच्या वेशीत टँकर उभा होता. मागच्या नळीतून थेंब गळत होता आणि एक शेळी मातीतला ओलावा चाटत टँकरामागं चालली होती.

भगवानराव बागेत भेटले. पांढरे कपडे, हातात फोन, भोवती हिरवीगार मोसंबी. सगळ्या शिवारात तेवढाच हिरवा तुकडा होता.

"बघा, मोजून बघा," न विचारताच ते म्हणाले. "लोकांच्या नजरा आहेत या बागेवर. टँकर विकत घेतो मी, पावत्या आहेत. शोधायची परवानगी मीच दिली, मांडव मीच घातला. गाडी पोराची, मोटर पोराची. खापर माझ्यावर का?"

"तुमच्यावर कोण फोडतंय?" केशरबाईंनी विचारलं.

भगवानराव फोन खिशात टाकून वळले. मग अर्जुनरावांकडं बोट दाखवून हसले. "ह्यांचे डोळे."

"त्या दिवशी रिमोटला हात लावलात?"

"मी माइकसमोर होतो. पंचेचाळीस मिनिटं. दोनशे साक्षीदार. बिचारे ऐकत होते."

तिथून ती दोघं सुग्रीवच्या घरी गेली. घर रानातच होतं, तीन नंबरच्या चेंबरपासून दोनशे पावलांवर. दगडी भिंती, पत्रा, बाजूला काट्यांचं कुंपण घालून मेंढरांचा वाडा. सारजाबाईंनी गुळाचा चहा ठेवला.

"गाडीची पूजा तुम्हीच केली?"

"मग कोन करनार? नवी वस्तू घरची. मोटर बसवली तवा केलती, पंपाची केलती. कुकू लावलं, पत्र्यावर टिकंना म्हनून खाली मेन लावलं. पाटावरनं घरंगळू न्हाई म्हनून चाकं नाड्यानं आवळली."

"कार्यक्रमात कुठं बसला होता?"

"गाडीपाशीच. बायांत." सारजाबाई आठवून हसल्या. "भाषन चाललं तवा गाडी माशीवानी गुनगुनत हुती. थांबायची, फिरून गुनगुनायची. म्या म्हनलं, दिवा लागलाय म्हनून आसंल."

केशरबाईंनी कप खाली ठेवला. "तुमच्या मालकांना जमते का ती गाडी?"

"तर! पंधरा दिस झाले, सांजच्याला हेच घेऊन बसायचे. कोकरं वळवायचे गाडीनं. ल्योक म्हनायचा, आबा, भिताडाला लावून दामटू नगा, मोटर जळंल. लई हासायचो आमी."

हरिबा वाड्याच्या दाराशी लोकर कातरत बसला होता. साठीचा, काटक, मितभाषी. अर्जुनरावांना त्याची दया आली. बाहेर बेचाळीस अंश ऊन, समोर पंचवीस-तीस मेंढरं. त्यांनी आपल्या बाटलीतलं अर्धं पाणी कोपऱ्यातल्या घमेल्यात ओतलं. दोन मेंढ्या आल्या, हुंगलं, मागं फिरल्या.

"उनाचं पीत न्हाईत जनावरं," हरिबा म्हणाला.

"चारा-छावणीत नाही नेली?" केशरबाईंनी विचारलं.

"गायी-म्हशी घेत्यात. मेंढरं घेत न्हाईत. म्हनले, इकून टाक." त्यानं कातर चालूच ठेवली. "गावात समद्यांनी इकली. म्या न्हाई."

"रिमोट त्या दिवशी कोणाकडं होता?"

"ठावं न्हाई. मला त्यातलं काय बी कळत न्हाई बाई. खेळनं हाय ते."

परतताना केशरबाई वाड्याला वळसा घालून आल्या. मागच्या बाजूला जनावरांना पाणी पाजायची दगडी डोणी होती, वर कडब्याच्या पेंढ्या. त्यांनी एक पेंढी उचलली, पाहिली आणि जशीच्या तशी ठेवली.

सुग्रीव व्हॅनपाशी थांबला होता. "काही कळलं?"

"हो. आधी तुला एकट्याला सांगते."

"न्हाई. चारचौघांत जळाली, चारचौघांतच सांगा. त्या माणसाचं तोंड मला सभेत बघायचंय."

"नीट विचार कर, सुग्रीव. एकदा सभेत बोलले की मला शब्द परत घेता येणार नाही."

"घेऊ पण नका," सुग्रीव म्हणाला. बोलताना तो मोसंबीच्या बागेकडं पाहत होता.

*

गुरुवारी सकाळी संस्थेच्या गोदामात साठएक सभासद खाली बसले होते. खताची पोती संपून वर्ष झालं होतं, वास राहिला होता. दारात खालच्या वस्तीच्या बाया उभ्या होत्या, त्यांत सारजाबाई. सुग्रीव भिंतीला टेकून उभा होता, पायाशी गाडी. तो संस्थेचा नोकर; सभासद त्याचा बाप. हरिबा पुढच्या रांगेत होता.

"बोला बाई," भगवानराव म्हणाले. "थोडक्यात."

"थोडक्यातच." केशरबाई उभ्या राहिल्या. "मोटर पाइपात जळाली, पण तापली मांडवात. सारजाबाईंनी मेणावर दोन टिळे लावले होते. मागचा प्लॅस्टिकवर, पुढचा मोटरीच्या पट्टीवर. सावली तीच, वेळ तीच. मागचा गोल राहिला, पुढचा वितळला. फोटो आहेत. गाडी तेव्हा इंचभरही हललेली नव्हती."

शहादेवनं मोबाइल फिरवला. माना वळल्या.

"उभ्या गाडीतली मोटर एकाच कारणानं तापते. वळ म्हणून हुकूम येतो आणि चाकं वळत नाहीत. चाकं नाड्यानं आवळलेली होती. त्यात कोणाचा हेतू नव्हता, ती पूजा होती. नुसत्या नाड्यानं काही बिघडलं नसतं. पण कोणीतरी रिमोटवरून सारखा हुकूम देत होतं. थांबत होतं, पुन्हा देत होतं. मोटर गुणगुणत होती, ते सारजाबाईंनी ऐकलं. नाडा कापल्यावर चाकं सुटली, गाडी पाइपात गेली. तोवर मोटरीत चाळीस फुटांपुरताच जीव उरला होता."

"म्हणजे रिमोट कोणाकडं होता, एवढंच बघायचं," अर्जुनराव पुटपुटले. त्यांची नजर अध्यक्षांवर होती.

"एवढंच. सुग्रीव चेंबरात होता. अध्यक्ष माइकपाशी, दोन्ही हात सगळ्यांना दिसत होते. शहादेवच्या हातात मोबाइल, पंचेचाळीस फोटो काढले त्यानं. रिमोट स्टेजवर ठेवला होता म्हणतात, पण फोटोत टेबलावर बाटल्या आहेत, नारळ आहेत, रिमोट नाही. मग कुठं होता? चौघांचा सत्कार झाला. बेचाळीस अंशांत तिघांनी शाली लगेच काढल्या. एकानं पाऊण तास लपेटून ठेवली. टाळ्या वाजवायलासुद्धा त्यानं हात बाहेर काढले नाहीत."

गोदामात कोणीतरी खोकलं.

"त्यानं मला सांगितलं, खेळण्यातलं काही कळत नाही. पण त्याच गाडीनं तो रोज संध्याकाळी कोकरं वळवत होता. कशानं मोटर जळते, हे त्याला मुलानंच शिकवलं होतं. आणि कारण विचाराल, तर गाव पाण्यासाठी तडफडतंय, ज्यानं त्यानं मेंढरं विकली, आणि त्याची मेंढरं घमेल्यातलं पाणी हुंगून मागं फिरतात. त्यांना तहान नव्हती. वाड्यामागं कडब्याखाली डोणी आहे, डोणीत नळी आहे. ती पाइपातून येते. तीन नंबरनंतर गाडीला पहिलं भोक तेच दिसलं असतं."

सुग्रीव भिंतीपासून सुटला. "आबा?"

हरिबानं मान वर केली नाही. "व्हय," तो म्हणाला.

"कावून आबा? मला सांगायचं. मी गाडी चार नंबरपासनं सोडली असती."

"त्यासाठीच न्हाई सांगितलं." हरिबा जमिनीशी बोलत होता. "तुला खोटं करायला लागलं असतं. म्हनलं, मोटर जळंल, लोक हासतेल, संपंल. तुला चोर म्हनतेल ह्ये डोस्क्यात न्हाई आलं." मग त्यानं भगवानरावांकडं पाहिलं. "सकाळी मांडवात ह्यांनीच सांगितलं. हरिबा, पयलं भोक तुझंच हाय, ल्योकच दावील गावाला. गाडी पुढं गेली न्हाई तर समद्यांचंच बरं."

"खोटं!" भगवानराव म्हणाले. आवाज मात्र चढला नाही. "बाई, याला पुरावा आहे?"

"नाही," केशरबाई म्हणाल्या. "म्हणून मी ते सांगितलेलं नाही. पण एक हिशेब सरळ आहे. पंचवीस मेंढरं गावाचं निम्मं पाणी पीत नाहीत."

अर्जुनरावांना वाटलं, आता गोदाम उसळेल. उसळलं नाही.

भगवानरावांनी चष्मा काढून पुसला. "चोर सापडला. सुग्रीववरचा आरोप जातो, तसं नोंदवा. पण चोराचा मुलगा पंपावर नको, हेही नोंदवा. शोध संपला."

"संपला न्हाई." सुग्रीवनं गाडी उचलून टेबलावर ठेवली. त्याचा आवाज फाटला होता, हात स्थिर होते. "नवी मोटर बसवलीय. तीन नंबरपासनं टाकीपर्यंत सोडतो, आत्ता. आमचं भोक पयलं दिसंल. दिसू द्या. मागची बी दिसतेल."

"ते सभासद ठरवतात." भगवानराव शांतपणे उठले. "गाडी सोडावी असं ज्यांना वाटतं, त्यांनी हात वर करा."

कोणी हललं नाही. अर्जुनरावांनी चेहऱ्यांवरून नजर फिरवली. एकजण नख पाहत होता, एकजण छताचा पत्रा. मागच्या दोघांनी एकमेकांकडं पाहिलं आणि लगेच नजरा वळवल्या. तेव्हा कुठं अर्जुनरावांच्या लक्षात आलं की तीन नंबरपासून टाकीपर्यंत ज्यांची रानं होती, ते सगळेच इथं बसले आहेत. त्यांनी केशरबाईंकडं पाहिलं. त्यांना हे परवापासूनच माहीत असावं.

दारातून एका बाईनं हात वर केला. मग दुसरीनं, मग सारजाबाईंनी.

"बायांनो, तुम्ही सभासद नाही," सचिव म्हणाला. हात एकेक करून खाली आले.

मग पुढच्या रांगेत हरिबानं हात वर केला.

"चोराचं मत धरायचं का?" मागून कोणीतरी ओरडलं. थोडं हसू झालं.

"नावावर आहे तोवर धरावं लागतं," सचिव म्हणाला.

"एक," भगवानराव म्हणाले. "विरोधात?"

मोजायची गरज पडली नाही. सचिवानं ठराव लिहिला. लोक उठले, कपडे झटकत, टँकर आला का बघत बाहेर पडले. सुग्रीव गाडी काखेत मारून कोणाकडं न बघता निघून गेला. केशरबाई अर्जुनरावांना म्हणाल्या, "चला," पण अर्जुनराव थोडा वेळ तिथंच उभे राहिले.

गोदाम रिकामं झालं होतं. हरिबाचा हात अजून वर होता. खाली घे म्हणून त्याला कोणी सांगितलं नव्हतं.